‘पॉर्त-बॉनर’ म्हणजे काय आणि हा फ्रेंच शब्द कसा वापरावा

फ्रेंच शिकणारा मराठी माणूस ‘पॉर्त-बॉनर’ या शब्दाशी थांबतो, तेव्हा त्याला पहिला मराठी प्रतिशब्द सुचतो तो ‘ताईत’. तो अगदीच चुकीचा नाही, पण तोच धरून पुढे गेल्यास लवकरच अडचण होते. ताईत ही गळ्यात किंवा दंडावर बांधायची ठरावीक वस्तू आहे. ती बहुधा कोणीतरी मंत्रून दिलेली असते आणि तिच्याकडून मुख्यतः रक्षणाची अपेक्षा असते. पॉर्त-बॉनर मात्र चार पानांचे क्लोव्हर हे छोटे रोप असू शकते, घोड्याचा नाल असू शकतो, प्रत्येक परीक्षेला नेलेले जुने पेन असू शकते, भिंतीवर कोरलेले घुबड असू शकते किंवा चक्क एखादी व्यक्तीही असू शकते. वस्तू कोणती आहे याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. ती काय करते, म्हणजे नशीब घेऊन येते, एवढेच तो सांगतो. म्हणून हा शब्द नाम म्हणून पाठ करण्याआधी त्याच्या पोटातले क्रियापद शिकून घ्यावे, म्हणजे लिंग, वचन, जोडरेषा आणि वाक्यातली जागा हे सारे फारसे न घोकता जमते, असे माझे मत आहे.

उच्चाराचे मुद्दे आधी उरकून घेऊ. या लेखात फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘पॉर्त’मधला ‘त’ हा आपला दंत्य ‘त’च आहे, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने तिथे ‘ट’ आणू नये. ‘चांगला’ या अर्थाचे ‘बों’ हे विशेषण एकटे आले की नाकात उच्चारले जाते, पण ‘बॉनर’ या शब्दात त्यातला ‘न’ पुढच्या स्वराला जाऊन मिळतो आणि स्पष्ट ऐकू येतो. मध्ये लिहिला जाणारा ‘ह’ पूर्णपणे मूक आहे. शेवटचा स्वर मराठीत नाही. जीभ ‘ए’साठी ठेवून ओठ मात्र ‘ओ’साठी करतो तसे गोल केले, की त्याच्या बरेच जवळ जाता येते. ‘पॉर्त’ आणि ‘बॉनर’ यांच्यामध्ये ‘र’, ‘त’ आणि ‘ब’ अशी तीन व्यंजने लागोपाठ येत असल्यामुळे बोलताना तिथे ‘अ’सारखा एक पुसट स्वर पुष्कळदा डोकावतो. तो ऐकून हा वेगळाच शब्द आहे असे समजू नये.

आधी क्रियापद

‘पॉर्ते’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वाहून नेणे किंवा बाळगणे असा आहे, आणि कपडे वा दागिने अंगावर घालणे यासाठीही तेच वापरतात. त्याला ‘बॉनर’ जोडले की ‘पॉर्ते बॉनर’ हा रूढ वाक्प्रयोग तयार होतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘नशीब घेऊन येणे’ असा आहे खरा, पण मराठीत त्यासाठी याहून नेमके क्रियापद आपल्याकडे तयार आहे आणि ते म्हणजे ‘लाभणे’. ‘हे घर त्यांना लाभले’ किंवा ‘नीलम सगळ्यांनाच लाभत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा फ्रेंच माणूस ‘पॉर्ते बॉनर’ म्हणतो. दोन्ही भाषांत वाक्याची घडणही जुळते, कारण वस्तू कर्ता असते आणि ज्याला लाभ होतो तो माणूस चतुर्थीत येतो. ‘स स्तीलो म पॉर्त बॉनर’ म्हणजे ‘हे पेन मला लाभते’, आणि ‘स स्तीलो ल्युई पॉर्त बॉनर’ म्हणजे ‘हे पेन त्याला लाभते’ किंवा ‘तिला लाभते’, कारण ‘ल्युई’ दोघांसाठी एकच आहे. इथे ‘ल्युई’च्या जागी ‘ल’ किंवा ‘ला’ हे कर्माचे सर्वनाम घातल्यास वाक्य मोडते. मराठी माणसाने ‘-ला’ हा प्रत्यय मनात धरून वाक्य रचले, तर ही चूक त्याच्या हातून होण्याचे फारसे कारण उरत नाही.

या वाक्प्रयोगात ‘बॉनर’च्या आधी उपपद, म्हणजे नामाआधी येणारा ‘ल’, ‘ला’ किंवा ‘अं’सारखा छोटा शब्द, लागत नाही, ही दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट आहे. फ्रेंचमध्ये नाम उपपदाशिवाय क्वचितच फिरते आणि ही सवय अंगी बाणलेला विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘पॉर्ते ल बॉनर’ असे लिहून टाकतो; पण क्रियापद आणि नाम मिळून एकच क्रिया सांगणाऱ्या अशा जोड्यांमध्ये उपपद गळालेले असते. भूतकाळात ‘सा मा पॉर्ते बॉनर’ म्हणजे ‘ते मला लाभले’, तर भविष्यकाळात ‘सा त पॉर्तरा बॉनर’ म्हणजे ‘ते तुला लाभेल’. रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त कानावर पडते ते मात्र सर्वनाम सोडून दिलेले, तीन शब्दांचे ‘सा पॉर्त बॉनर’. जेवणाच्या टेबलावर कोणाच्या हातून काचेचा पेला निसटून फुटतो, पाहुणा ओशाळून काचा गोळा करू लागतो, आणि यजमान हसत म्हणतो, ‘व्हेर ब्लां कासे, सा पॉर्त बॉनर’, म्हणजे पांढरी काच फुटणे हे शुभ असते. आरसा फुटला असता तर मात्र हेच सांत्वन करता आले नसते, कारण फुटलेला आरसा सात वर्षांचे दुर्दैव घेऊन येतो अशी समजूत आहे. लग्नाच्या दिवशी पाऊस आला तरी असाच धीर दिला जातो, आणि त्यासाठी ‘मारियाज प्ल्युव्हियो, मारियाज अरो’, म्हणजे पावसाचे लग्न ते सुखाचे लग्न, ही यमकातली म्हण तयार असते.

याच्या उलट ‘पॉर्ते मालर’ म्हणजे अपशकुन करणे किंवा दुर्दैव आणणे. घरात छत्री उघडणे, शिडीखालून जाणे आणि जेवायला तेरा माणसे बसणे या गोष्टी ‘सा पॉर्त मालर’च्या खात्यात जमा आहेत. पाव टेबलावर उलटा ठेवणे हीदेखील त्यातलीच एक गोष्ट आहे, आणि त्यामागची सांगितली जाणारी कथा अशी की पूर्वी बेकरीवाले जल्लादासाठीचा पाव उलटा करून बाजूला ठेवत. बोलीभाषेत ‘पॉर्ते ला प्वास’ असेही म्हणतात. त्यात उपपद आहे आणि सूर अधिक सलगीचा आहे, म्हणून औपचारिक पत्रात ते टाळावे. ‘नशीब’ या अर्थाच्या ‘शांस’ या शब्दापासून झालेले ‘पॉर्ते शांस’ मात्र ‘पॉर्ते बॉनर’च्या जागी बेलाशक चालते. या सगळ्याची थट्टा करणारे ‘मी अंधश्रद्ध नाही, कारण अंधश्रद्ध असणे अशुभ असते’ हे वाक्य फ्रान्समध्ये इतके सर्वतोमुखी आहे की ते विनोद म्हणून आता कोणाला हसवत नाही, पण संभाषण पुढे ढकलायला उपयोगी पडते.

क्रियापदाचे नाम होते तेव्हा

क्रियापद आणि नाम यांच्यामध्ये जोडरेषा घातली की वस्तूचे नाव तयार होते: ‘अं पॉर्त-बॉनर’, म्हणजे लाभणारी वस्तू. कानाला दोन्ही सारखेच लागत असल्यामुळे खरी गल्लत होते ती लिहिताना. ‘हे क्लोव्हर लाभते’ या वाक्यात जोडरेषा नको. ‘हे क्लोव्हर म्हणजे पॉर्त-बॉनर आहे’ या वाक्यात ती हवी. शंका आली की त्या जागी भूतकाळ घालून पाहावा. शब्द ‘पॉर्ते बॉनर’ असा बदलता येत असेल तर ते क्रियापद आहे आणि जोडरेषेचे तिथे काम नाही.

हे नाम पुल्लिंगी आहे. इथे घोटाळा होतो तो ‘ला पॉर्त’ या अगदी पहिल्या धड्यात शिकलेल्या स्त्रीलिंगी शब्दामुळे, कारण त्याचा अर्थ ‘दार’ असा आहे आणि नवा विद्यार्थी पॉर्त-बॉनरचा अर्थ ‘सुखाचे दार’ असा लावून मोकळा होतो. कल्पना सुंदर आहे, पण या शब्दात दार कुठेही नाही. किल्ल्या बाळगणारे ते ‘पॉर्त-क्ले’, सुटे पैसे बाळगणारे ते ‘पॉर्त-मॉने’, दुसऱ्याचे म्हणणे वाहून नेणारा प्रवक्ता तो ‘पॉर्त-पारॉल’ आणि विमाने वाहून नेणारे जहाज ते ‘पॉर्ताव्यों’, या कुळातला हा शब्द आहे. अशा शब्दांतील वस्तूंची नावे पुल्लिंगीच असतात, मग जोडीतला दुसरा शब्द कोणत्याही लिंगाचा असो. म्हणूनच एखाद्या स्त्रीलाही ‘त्यू ए मों पॉर्त-बॉनर’ असेच म्हणतात. मराठीत आपण अशा वेळी ‘तिचा पायगुण चांगला’ म्हणू, फक्त फ्रेंच वाक्यात पायगुणापेक्षा लाडाची छटा जास्त असते आणि ते प्रत्यक्ष त्या व्यक्तीच्या तोंडावर म्हणायचे असते.

अनेकवचनाबाबत दोन रूपे चालतात. परंपरेने हा शब्द अनेकवचनातही बदलत नाही, कारण ‘बॉनर’ ही मोजण्याची वस्तू नाही. पाच वस्तू असल्या तरी त्या आणतात ते नशीब एकच. १९९० च्या लेखनसुधारणेने मात्र अशा जोडशब्दांच्या दुसऱ्या भागाला अनेकवचनाचे अक्षर लावण्यास मान्यता दिली. ते अक्षर मूक असल्यामुळे उच्चारात काहीच फरक पडत नाही. दोन्ही रूपे बरोबर आहेत. एका मजकुरात एकच ठेवावे, एवढे पथ्य पुरे.

आता ‘बॉनर’ या शब्दाविषयी थोडे, कारण अर्थाची किल्ली त्यातच आहे. आजच्या फ्रेंचमध्ये ‘बॉनर’ म्हणजे सुख, मनाचे समाधान. मग घोड्याचा नाल सुख आणतो की नशीब? शब्दाचा मागचा भाग शकुन या अर्थाच्या ‘आउगुरियुम’ या लॅटिन शब्दापासून आला आहे, आणि तासाला जो ‘अर’ म्हणतात त्याच्याशी त्याचे फक्त ध्वनिसाम्य आहे. म्हणजे ‘बॉनर’ हा मुळात ‘चांगला शकुन’ होता आणि सुखाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. जुना अर्थ काही ठरलेल्या प्रयोगांत टिकून राहिला आहे: ‘पार बॉनर’ म्हणजे सुदैवाने, ‘ओ पती बॉनर’ म्हणजे नशिबावर हवाला ठेवून, आणि तिसरा आपला पॉर्त-बॉनर. त्यामुळे या शब्दाचे भाषांतर ‘सुखदायक वस्तू’ असे करणे टाळावे.

वाक्यात कुठे बसवावा

या शब्दाचा एक अतिशय सोयीचा गुण असा की तो दुसऱ्या नामामागे विशेषणासारखा उभा राहतो. ‘अं ब्रास्ले पॉर्त-बॉनर’ म्हणजे लाभणारे ब्रेसलेट, ‘मों शिफ्र पॉर्त-बॉनर’ म्हणजे माझा लाभाचा अंक. ‘द’ किंवा दुसरे कोणतेही शब्दयोगी अव्यय मध्ये घालावे लागत नाही, आणि आधीचे नाम स्त्रीलिंगी असले तरी या शब्दाचे रूप तसेच राहते. वस्तू कशासाठी ठेवली आहे हे सांगायचे असेल, तर ‘कॉम पॉर्त-बॉनर’, म्हणजे लाभाची वस्तू म्हणून, किंवा थोड्या लेखी वळणाने ‘आं गीज द पॉर्त-बॉनर’ असे म्हणावे; या दोन्हींतही उपपद येत नाही.

‘माझ्याकडे’ या अर्थाच्या शब्दाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. लाभाची वस्तू माझ्यापाशी असते हे सांगताना फ्रेंच माणूस ‘अंगावर’ असे म्हणतो: ‘जे तूजूर मों पॉर्त-बॉनर स्यूर म्वा’. वस्तू खिशात असो, पाकिटात असो की गळ्यात असो, ‘स्यूर म्वा’ हेच चालते. ‘आव्हेक म्वा’, म्हणजे ‘माझ्याबरोबर’, हे चूक नाही, पण त्यातून वस्तू सामानात असल्याचे चित्र उभे राहते, आणि या वस्तूचा सारा महिमा तर ती अंगाला लागून असण्यातच असतो.

दागिन्यांची जुनी वर्णने वाचणाऱ्यांना या शब्दाचा आणखी एक अर्थ भेटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्या, कडक, वर्तुळाकार कड्यालाच ‘पॉर्त-बॉनर’ म्हणत, मग त्यावर कोणतेही शुभचिन्ह नसले तरी. आजच्या बोलण्यात तो अर्थ मागे पडला आहे. तशा कड्याला आता ‘जों’ म्हणतात, आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात बारीक कडी एकत्र घातली की त्या संचाला ‘समेनिये’ हे नाव आहे.

शेजारचे शब्द

‘आम्युलेत’ हा शब्द मराठीतल्या ताइताच्या सर्वांत जवळचा आहे: अंगावर घालायची, वाईटापासून वाचवणारी वस्तू. ‘तालिस्मां’ अरबीमार्गे आलेला असून त्यात रक्षणापेक्षा शक्तीची कल्पना अधिक आहे, म्हणून तो कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासात जास्त शोभतो. ‘ग्रीग्री’ मुळात पश्चिम आफ्रिकेतला; सेनेगलसारख्या देशात धार्मिक वचन लिहिलेला कागद चामड्याच्या छोट्या पिशवीत शिवून तो कमरेला, दंडाला किंवा गळ्यात बांधतात, आणि तो अर्थ आजही जिवंत आहे. फ्रान्समधल्या बोलण्यात मात्र ‘ग्रीग्री’ म्हणजे कोणाचीही जुनी, जरा हास्यास्पद पण जिवापाड जपलेली लाभाची वस्तू. हा हलका वापर पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्या खऱ्या ग्रीग्रीबद्दल बोलताना करू नये. तिथे तो शब्द थट्टेचा नाही.

‘फेतीश’ हा शब्द मराठी वाचकाला इंग्रजीमुळे भलत्याच अर्थाने परिचित असतो. फ्रेंचमध्ये तो नामामागे लावून अगदी निरागसपणे वापरतात: ‘मों स्तीलो फेतीश’ म्हणजे माझे ठरलेले, आवडते, त्याच्याशिवाय न चालणारे पेन. इथे नशिबापेक्षा सवयीवर भर आहे. ‘मास्कॉत’ हा दक्षिणेकडच्या प्रोव्हांसाल भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी चेटकिणीचा आणि जादूटोण्याचा शब्द आहे. एदमों ओद्रां यांची ‘ला मास्कॉत’ ही ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, १८८० च्या डिसेंबरात पॅरिसच्या रंगमंचावर आली आणि तिच्यामुळे हा शब्द सर्वत्र पसरला. संघाचे, पलटणीचे किंवा स्पर्धेचे सजीव प्रतीक म्हणजे मास्कॉत. खिशातल्या नाण्याला मास्कॉत म्हणणे बरे दिसत नाही.

राहिला ‘शार्म’. इंग्रजीतून विचार करणारा माणूस लाभाच्या वस्तूला फ्रेंचमध्ये ‘शार्म’ म्हणायला जातो आणि फसतो, कारण फ्रेंच ‘शार्म’ म्हणजे मोहकपणा किंवा मोहिनी, आणि त्याच नावाचे एक झाडही आहे. ब्रेसलेटला लोंबणाऱ्या छोट्या आकृत्यांना ‘ब्रलॉक’ म्हणतात, आणि ती आकृती लाभाची असेल तर ‘ब्रलॉक पॉर्त-बॉनर’.

पहिल्या मेचे म्युगे

हा शब्द फ्रान्समध्ये जितक्या तोंडी १ मे या एका दिवशी येतो, तितक्या बाकीच्या वर्षात क्वचितच येत असेल. ‘म्युगे’ ही सावलीत वाढणारी, जमिनीलगतची वनस्पती आहे. दोन रुंद हिरव्या पानांमधून एक नाजूक दांडी वर येते आणि तिच्यावर एकाच बाजूला ओळीने लहान पांढऱ्या घंटा लटकतात. फुलांना फ्रेंचमध्येही घंटाच म्हणतात, ‘क्लोशेत’. दांडीवर तेरा क्लोशेत असतील तर ती विशेष शुभ, अशी समजूत आहे. एरवी ज्या तेराला माणसे टाळतात तोच इथे मोजून शोधला जातो. लॉटरीबाबतही असेच घडते: तेरा तारीख शुक्रवारी आली की ‘लोतो’ या सोडतीचे बक्षीस मुद्दाम मोठे ठेवतात आणि एरवी तिकीट न घेणारी माणसेही त्या दिवशी रांगेत उभी राहतात.

म्युगे देण्याची रीत राजा नवव्या शार्लने सुरू केली, अशी कथा सांगतात: त्याला वसंतात कोणीतरी म्युगेची दांडी दिली, ती त्याला आवडली, आणि १५६१ पासून तो दर पहिल्या मेला दरबारातल्या स्त्रियांना ती देऊ लागला. कामगार दिनाशी तिचा संबंध पुष्कळ नंतर आला. कामगार चळवळीत त्या दिवशी लाल एग्लांतीन, म्हणजे जंगली गुलाबाचे फूल, छातीवर लावत. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या पेतँच्या व्हिशी राजवटीने हा दिवस आपल्या पद्धतीने साजरा करायचे ठरवले तेव्हा लाल फुलाच्या जागी पांढरे म्युगे पुढे केले. राजवट गेली, फूल राहिले. बाजारात येणाऱ्या म्युगेचा मोठा भाग नांत शहराच्या आसपास पिकवला जातो, आणि त्या एका दिवशी सामान्य माणसालाही परवान्याशिवाय रस्त्यावर उभे राहून ते विकू दिले जाते. हा हक्क नव्हे, ती प्रशासनाने दिलेली सूट आहे आणि तिचे तपशील गावागणिक बदलतात. वेशभूषाकार क्रिस्तियां दियोर यांचे हे लाडके फूल होते आणि ते त्याला लाभाचे मानत.

म्युगे देताना काय म्हणावे? ‘पूर त पॉर्ते बॉनर’, म्हणजे ‘तुला लाभावे म्हणून’, एवढे पुरते. कार्डावर लिहायचे असल्यास ‘क स ब्रँ द म्युगे वू पॉर्त बॉनर’ हे वाक्य निःशंकपणे वापरावे. त्याचा अर्थ ‘म्युगेची ही दांडी आपणांस लाभो’. मराठीतल्या ‘लाभो’सारखेच इथे क्रियापद इच्छार्थी आहे, आणि ‘पॉर्ते’च्या बाबतीत ते साध्या वर्तमानकाळासारखेच दिसत असल्यामुळे वेगळे रूप पाठ करावे लागत नाही. दांड्या अनेक असतील तर क्रियापदाला अनेकवचनाची मूक अक्षरे लावायला विसरू नये, कारण कान ती पकडत नाही, पण वाचणाऱ्याचा डोळा पकडतो. हे वाक्य क्रियापदाचे असल्याने त्यात जोडरेषा नसते. छापील शुभेच्छापत्रांतही ही चूक दिसते, म्हणून पुन्हा सांगितले. एक व्यावहारिक सूचनाही इथेच द्यायला हवी: ही वनस्पती पूर्णपणे विषारी आहे, तिच्यातील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात, आणि ज्या पाण्यात दांड्या ठेवल्या ते पाणीदेखील विषारी होते. घरात लहान मूल किंवा मांजर असल्यास फुलपात्र उंचावर ठेवावे.

हा शब्द आणखी कुठे भेटतो

चार पानांचे क्लोव्हर ‘त्रेफ्ल आ कात्र फय’, घोड्याचा नाल ‘फेर आ शवाल’, सशाचा पाय ‘पात द लापँ’ आणि लाल ठिपकेदार किडा ‘कॉक्सीनेल’ ही यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. त्यातला सशाचा पाय जमिनीवर लाभतो, पण फ्रेंच खलाशांमध्ये जहाजावर ‘ससा’ हा शब्द उच्चारणेही निषिद्ध आहे. लाकडी जहाजांवर नेलेले ससे दोर आणि फळ्या कुरतडत, हे त्याचे कारण सांगितले जाते. फाशी दिलेल्या माणसाचा दोर हादेखील एके काळी पॉर्त-बॉनर होता, आणि फार नशीबवान माणसाच्या खिशात ‘कॉर्द द पांद्यू’, म्हणजे असा दोर असावा, हा वाक्प्रचार त्यातूनच आला आहे.

स्थानिक उदाहरणे याहून रंगतदार आहेत. दिजों शहरात नोत्र-दाम चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, दगडात कोरलेले एक लहानसे घुबड आहे. डाव्या हाताने त्याला स्पर्श करून मनात इच्छा धरायची, अशी रीत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याचे डोळे, चोच आणि पिसे अशी झिजवून टाकली आहेत की आता तो एक गुळगुळीत उंचवटा उरला आहे. २००१ च्या जानेवारीत कोणीतरी त्यावर हातोड्याने घाव घातले तेव्हा शहराला खरोखर दुःख झाले. नंतर त्याची दुरुस्ती करण्यात आली. कोर्सिका बेटावर ‘सँत-ल्युसीचा डोळा’ सोन्याचांदीत मढवून गळ्यात घालतात. प्रत्यक्षात ते एका समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याचे झाकण असते: एका बाजूला पांढऱ्यावर उमटलेले वेटोळे, दुसऱ्या बाजूला नारिंगी फुगवटा.

१९१८ च्या वसंतात पॅरिसवर विमानांतून बाँब पडत होते आणि लांब पल्ल्याच्या जर्मन तोफेचे गोळे येत होते, तेव्हा शहरातल्या लोकांनी लोकरीच्या दोन छोट्या बाहुल्या दोऱ्याने एकमेकींना बांधून अंगावर बाळगायला सुरुवात केली. मुलगी नेनेत आणि मुलगा रँतँतँ; ही नावे चित्रकार पुलबो यांनी युद्धाआधी बनवलेल्या बाहुल्यांवरून आली होती. त्याच वर्षी ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्सच्या लोरेन भागात कुत्र्याची पिल्ले सापडली, त्यांतल्या दोघांना त्याने या जोडीची नावे दिली, आणि त्यातला रिन टिन टिन पुढे हॉलिवूडमध्ये गाजला. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात बचावपटू लोरां ब्लां प्रत्येक सामन्याआधी गोलरक्षक फाबियँ बार्तेज याच्या तुळतुळीत डोक्याचे चुंबन घेई आणि फ्रान्सने तो चषक जिंकला. त्या डोक्याला पॉर्त-बॉनर म्हणणे व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे.

कुठे वापरू नये

या शब्दाचा सूर हलका आहे. तो वापरणारा माणूस अर्धा गंभीर आणि अर्धा स्वतःलाच हसत असतो. म्हणून कोणाच्या गळ्यात बाप्तिस्म्याचे पदक दिसल्यास ‘हा पॉर्त-बॉनर आहे का?’ असे विचारू नये. श्रद्धाळू कॅथलिक माणसाला तो त्याच्या श्रद्धेचा अवमान वाटू शकतो. मोटारीत लावलेले, प्रवाशांचे रक्षक मानले जाणारे संत क्रिस्तोफ यांचे पदक किंवा उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतला ‘मँ द फात्मा’, म्हणजे फातिमाचा हात, यांबाबत सीमारेषा धूसर आहे, कारण काहींसाठी ते श्रद्धेचे चिन्ह असते आणि काहींसाठी निव्वळ दागिना. समोरच्याने स्वतः तो शब्द वापरला की आपणही वापरावा; तोपर्यंत ‘पांदांतीफ’, म्हणजे लोलक, या तटस्थ शब्दावर भागवावे.

परीक्षेला किंवा मुलाखतीला निघालेल्या मित्राला ‘बॉन शांस’ म्हणावे, आणि वाटल्यास ‘ज क्र्वाज ले द्वा’, म्हणजे तुझ्यासाठी बोटे एकमेकांत गुंफून ठेवतो, असे पुढे जोडावे. आपलेच सुरळीत चाललेले काम सांगताना दृष्ट लागू नये म्हणून ‘ज तूश द्यू ब्वा’ म्हणत लाकडाला हात लावतात. नाटकाच्या पडद्यामागे मात्र ‘बॉन शांस’ अशुभ समजतात. तिथे ‘मेर्द’ हा एरवी असभ्य शब्द शुभेच्छा म्हणून दिला जातो. प्रेक्षकांच्या घोडागाड्या नाट्यगृहासमोर जितक्या जास्त थांबत तितकी रस्त्यावर लीद जास्त, आणि लीद जास्त म्हणजे प्रेक्षागृह भरलेले, असा त्याचा उलगडा करतात. कोणी आपल्याला तसे म्हटले तर उत्तरादाखल ‘मेर्सी’ म्हणायचे नसते, कारण नटमंडळींच्या मते आभार मानले की ती शुभेच्छा वाया जाते. त्याऐवजी ‘ज प्रां’, म्हणजे ‘घेतली’, एवढेच म्हणावे.